निजाम १७२४ ला खरंच स्वतंत्र झाला का?

नवा_वाचक:
पुस्तकात सरळ लिहिलंय, १७२४ साली निजाम-उल-मुल्क दक्षिणेत स्वतंत्र झाला. पण त्याने स्वतःला कधी सुलतान म्हणवलं नाही, नाणीही दिल्लीच्या बादशहाच्या नावाची. मग स्वतंत्र कशाच्या जोरावर म्हणायचं?

खणखणीत_रुपया:
नाण्यावरून ठरवायला गेलात तर फसाल. माझ्याकडे या निजामाचा नातू सिकंदरजाह, त्याच्या काळातला एक हैदराबादी रुपया आहे. नाव दिल्लीच्या अकबरशहा दुसऱ्याचं. सिकंदरजाहचं म्हणाल तर एक ‘सीन’ अक्षर (फारसी ‘स’), तेही भिंग लावून शोधावं लागतं. स्वतःच्याच टांकसाळीत मालक एका अक्षरापुरता! १८५७ नंतर बादशहाच उरला नाही, तेव्हा कुठे नाण्यावर आसफजाह हा निजामांचा किताब आला.

खरी गोम वसुलात आहे. १७२२ ला निजामाला दिल्लीत वजिरी मिळाली, पण दरबाराने काही करू दिलं नाही, वैतागून तो दक्षिणेत परतला. बादशहा मुहम्मदशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला आतून फूस दिली. ऑक्टोबर १७२४ मध्ये बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला दोघांची गाठ पडली, मुबारिजखान ठार झाला. पुढच्याच वर्षी त्याच बादशहाने निजामाला दक्षिणेची सुभेदारी आणि आसफजाह किताब दिला. न देऊन करतो काय? अंमलदार कोण नेमायचा, वसूल कुठे खर्चायचा, हे दिल्लीला विचारणं तेव्हापासून बंदच.

गोदाकाठ:
सगळा वसूल त्याचा कुठे होता? दिल्लीच्या १७१९ च्या सनदेने दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, शाहू महाराजांची. निजामाने ती अडवली. सबब काय, तर शाहू खरे छत्रपती की कोल्हापूरचे संभाजी, ते आधी ठरू द्या. १७२८ ला पालखेडला बाजीरावाने त्याला असा कोंडला की फौजेला दाणापाणी मिळेना. मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई मुकाट कबूल केली.

खणखणीत_रुपया:
बरोबर. पण तो तह निजामाने स्वतः केला, दिल्लीची मंजुरी येईपर्यंत थांबला नाही. मांडलिक सुभेदार असं करत नाही.

नवा_वाचक:
आलं लक्षात. राजधानी तेव्हापासूनच हैदराबाद का?

खणखणीत_रुपया:
छे, औरंगाबाद. हैदराबादला नेली ती त्याच्या मुलाने, निजामअलीने, १७६३ च्या सुमारास. आणि साखरखेर्ड्याचं नाव विजयानंतर फतेहखेर्डा ठेवलं होतं, ते काही गावकऱ्यांच्या तोंडी बसलं नाही.