ब्यूर्स गाव एका काउंटीत आणावं का?

वेशीवरचा: काल इथे कुणीतरी इंग्लंडमधल्या आपल्या ब्यूर्सबद्दल लिहिलं, "स्टूर नदी म्हणजे नकाशावरची रेघ, गाव एकच आहे." चूक! स्टेशन एसेक्स काउंटीत, सेंट मेरी चर्च आणि प्राथमिक शाळा नदीपलीकडे सफक काउंटीत. एसेक्सच्या काठाला ब्रेनट्री जिल्हा कौन्सिल, सफकच्या काठाला बाबर्ग जिल्हा कौन्सिल. पूल ओलांडला की कौन्सिल टॅक्सचं बिल, कचऱ्याचा वार, पोलीस, सगळं बदलतं. एसेक्सकडचा भाग, ब्यूर्स हॅम्लेट, सफकला जोडा आणि मोकळे व्हा.

ताम्हण: कसं जोडणार? ब्रेनट्रीला पॅरिशच्या, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलांच्या, हद्दी बदलता येतात, पण आपल्याच जिल्ह्यात. काउंटीची हद्द हलवायला हद्दी तपासणाऱ्या बाउंड्री कमिशनचा आढावा आणि वर मंत्र्यांचा आदेश लागतो. त्यापेक्षा १९७२च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम १०१, १०२ खाली दोन्ही पॅरिश कौन्सिलांची संयुक्त समिती करा.

रेघोटी: समित्या राहू द्या, शाळेचं बोला. हॅम्लेटमधल्या पालकांना अर्ज कुठे करायचा तेच कुणी धड सांगत नाही.

ताम्हण: घर एसेक्समध्ये तर अर्ज एसेक्सकडेच, शाळा सफकमधली असली तरी. प्राथमिकला मुदत १५ जानेवारी, आणि १६ एप्रिलला उत्तरही एसेक्सकडूनच येतं. सफकच्या फॉर्मवर भरलात तर चूक कळेपर्यंत मुदत टळते आणि अर्ज उशिराच्या गठ्ठ्यात जातो. काउंटी वेगळी एवढ्यावरून शाळेला नकार देता येत नाही, तसा कोर्टाचा १९८९चा ग्रिनिच निकाल आहे.

वेशीवरचा: आणि कॅचमेंट, शाळेने ठरवलेला परिसर? ते सोयीस्कर गाळलंत! जागा कमी पडल्या की घर त्या रेघेच्या आत की बाहेर, यावरच ठरतं.

ताम्हण: गाळलं नाही. कॅचमेंट शाळेच्या प्रवेश नियमांत असतं, काउंटी बदलून ते आपोआप बदलत नाही. आरडाओरडा करण्याआधी नियम वाचा.

रेघोटी: भांडण नको, शाळेच्या मोफत बसचं ऐका. आठ वर्षांखालच्यांना २ मैल, पुढे ३ मैल. त्याहून लांब असेल तर मोफत. अंतर चालत जायच्या सुरक्षित वाटेने मोजतात. 'जवळची शाळा' नदीपलीकडची असली तरी तीच धरतात. लोक आपल्या काउंटीतली लांबची निवडतात आणि बस नाकारली जाते.

वेशीवरचा: बरं, अर्जाचं तुमचं खरं, मानलं. पण चर्चची जुनी पॅरिश दोन्ही काठांवर होती. आणि २०२५च्या फेब्रुवारीत सरकारने नव्या प्रादेशिक महापौरांसाठी ग्रेटर एसेक्स वेगळं आणि नॉर्फक-सफक वेगळं निवडलं. म्हणजे पुढे एका गावाला दोन महापौर!

ताम्हण: म्हणूनच समिती आधी करा. दोन्ही पॅरिशच्या पुढच्या बैठकीत एकाच मजकुराचा ठराव मांडा, नाहीतर एक कौन्सिल दुसरीची वाट बघत बसेल.