शब्दचर्चा: ‘प्रमाणित भाव’ म्हणजे तपासलेला की साच्यात बसवलेला?

शेअर आणि रोख्यांच्या भावांचा डेटा गोळा करून पुढे पुरवणाऱ्या एका चमूसाठी मी मराठीत कार्यपुस्तिका लिहिते. त्यातल्या एका शब्दाने मला महिनाभर छळलं आहे, म्हणून इथे सविस्तर मांडते.

वेगवेगळ्या बाजारांतून भाव येतात ते आपापल्या वेषात येतात. कुणी दशांशात देतो, कुणी अपूर्णांकात. कुणी तारीख आधी लिहितो, कुणी महिना. हे सगळं एका साच्यात आणण्याच्या कामाला सगळे स्टँडर्डायझेशन म्हणतात, आणि मी त्याला सरळ ‘प्रमाणीकरण’ लिहिलं. शब्द रुळलेला आहे. प्रमाणभाषा, प्रमाण वेळ यांतलं ‘प्रमाण’ तेच. साच्यात आलेला भाव ज्या रकान्यात पडतो त्याला ओघानेच नाव मिळालं: ‘प्रमाणित भाव’.

आता काय झालं ते सांगते. अमेरिकी सरकारी रोख्यांचे भाव बत्तिसांशांत बोलायची रीत आहे. ९९-१६ म्हणजे ९९ पूर्ण आणि १६ बत्तिसांश, म्हणजेच ९९.५०. मागे अधिकचं चिन्ह लागलं की आणखी अर्धा बत्तिसांश. ९९-१६+ म्हणजे ९९.५१५६२५. एका फाइलमध्ये आडव्या रेघेच्या जागी टिंब आलं होतं. प्रोग्रॅमने ते ९९.१६ वाचलं, चार दशांश स्थळांचा साचा पुरा केला आणि ९९.१६०० असं रकान्यात ठेवून दिलं. आदल्या दिवसाच्या भावापासून दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर नोंद थांबते. इथे फरक ०.३४ चाच होता. दहा लाख डॉलर दर्शनी किमतीच्या रोख्यांवर तो ३,४०० डॉलर होतो, तरी मर्यादेच्या आतच. भाव शंभरपट चुकला असता तर पहिल्याच चाळणीत अडकला असता. हा मात्र बिनबोभाट खाली गळला.

नोंदी बघणाऱ्या मुलीला मी विचारलं, मूळ फाइल उघडून का नाही पाहिलीस? ती म्हणाली, “ताई, वर ‘प्रमाणित’ लिहिलं होतं ना.”

तिचं काहीच चुकलं नाही. प्रमाणपत्र, प्रमाणित प्रत हे शब्द ऐकत मोठा झालेला माणूस ‘प्रमाणित’ म्हणजे कुणीतरी पाहून शिक्का मारलेलं, असंच समजणार. मी लिहिलं ते ‘आकार दिलेला’ या अर्थाने. तिने वाचलं ते ‘खात्री केलेला’ या अर्थाने.

माझं म्हणणं असं, की या व्यवसायात स्टँडर्डायझेशन या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी चालतात. मराठीत तिन्हींना शब्द आधीच आहेत. ते आपण वापरत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सगळ्यांनी आधी बसून ठरवलेलं, कागदावर उतरवलेलं. त्याला मी ‘मानक’ म्हणेन. आयसिन, म्हणजे शेअर किंवा रोख्याला जगभर ओळखायचा क्रमांक, हे मानक आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं, म्हणजे आयएसओचं, क्रमांक ६१६६. एकूण बारा जागा: देशाची दोन अक्षरं, नऊ जागांचा स्थानिक क्रमांक आणि शेवटी तपासणीचा एक अंक. या शेवटच्या अंकाला ‘पडताळणी अंक’ लिहिलेलं मी पाहिलं आहे, पण आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे: ताळा. गुणाकार झाला की नवाचा ताळा पाहायचा, हे शिकलेल्या माणसाला ‘ताळ्याचा अंक’ समजावून सांगावा लागत नाही. ॲपलच्या शेअरचा क्रमांक घ्या, यूएस०३७८३३१००५. ए म्हणजे १० धरून अक्षरांचे आकडे करायचे. यू होतो ३०, एस होतो २८. शेवटचा ५ बाजूला ठेवला की ओळ उरते ३०२८०३७८३३१००. उजव्या टोकापासून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे दोन्ही अंक मिळवायचे. सगळ्यांची बेरीज येते ४५. पुढची दहाची पट ५०, तिला कमी पडतात ५. शेवटचा अंकही ५. ताळा बसला. आता टंकताना शेजारच्या ७ आणि ८ ची अदलाबदल करून पाहा. बेरीज ४६ होते आणि ताळा तुटतो. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहा, फार समाधान वाटतं.

दुसरी गोष्ट, सगळे करतात म्हणून चालत आलेलं. त्याला ‘प्रघात’ म्हणावं. लंडनच्या बाजारात बहुतेक शेअरचे भाव पौंडात नाही, पेन्समध्ये सांगतात. डेटा पुरवणारे त्यासाठी जीबीएक्स असं चलनचिन्ह सर्रास लावतात. पण चलनांच्या आयएसओ ४२१७ या यादीत जीबीपी (पौंड) आहे, जीबीएक्स नाही. दिसायला दोन्ही सारखीच तीन अक्षरं. एक मानक, दुसरा प्रघात. ज्या प्रोग्रॅमला फक्त मानक ठाऊक, तो इथे शंभरपटीने चुकतो.

तिसरी गोष्ट, बाहेरून आलेलं आपल्या घरी आपल्या मापाचं करून घेणं. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि मराठीत कुणीतरी ‘सामान्यीकरण’ करून ठेवलं आहे. तो शब्द तर मुळीच नको. सामान्यीकरण म्हणजे सरसकट विधान करणं. इथे नाम घडवायच्या फंदात न पडता मी ‘साच्यात बसवणं’ लिहीन.

तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद: ताई, ‘प्रमाणीकरणा’ला इतक्या लवकर निरोप देऊ नका. मी बरीच वर्षं तांत्रिक अनुवाद करतो आहे. दोन नामं मराठीत स्वच्छ वेगळी आहेत. प्रमाणन म्हणजे पाहून दाखला देणं, चित्रपटांचं होतं ते. प्रमाणीकरण म्हणजे एका प्रमाणाला आणणं. वाचकाला संदर्भ दिला तर तो चुकत नाही. आणि ‘मानक’ माझ्या कानाला हिंदी पाटीवरचा शब्द वाटतो.

उत्तर: काका, नामांपुरतं तुमचं म्हणणं मान्य. गोची विशेषणात आहे. प्रमाणन झालेली वस्तू ‘प्रमाणित’. प्रमाणीकरण झालेली वस्तू व्याकरणाने ‘प्रमाणीकृत’ व्हायला हवी, पण बोलता बोलता तीही ‘प्रमाणित’च होते. आणि रकान्याच्या माथ्यावर नाम नसतं, विशेषण असतं. तिथे संदर्भाला जागाच नाही; एक शब्द मावतो आणि माणूस त्या एका शब्दावर भरवसा ठेवून खालचे चारशे आकडे वाचतो.

‘मानक’बद्दल सांगायचं तर प्रमाण, परिमाण, मान, मानक हे सगळे एकाच ‘मा’ धातूचे, मोजणे या अर्थाच्या. हिंदीने तो जास्त वापरला म्हणून तो आपला राहिला नाही असं नाही. मला तो हवा आहे, कारण त्याला शिक्क्याचा वास नाही. ‘मानक’ म्हटलं की ‘कुणी ठरवलं?’ हा प्रश्न आपसूक येतो, आणि या धंद्यात तो यायलाच हवा. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा कुणाचे किती पैसे तिथे अडकले हे पटकन सांगता येईना, त्याचं एक कारण हेच होतं. एकच कंपनी वेगवेगळ्या वह्यांत वेगवेगळ्या नावाने. त्यानंतर कंपन्यांसाठी वीस जागांचा एलईआय क्रमांक आला, आयएसओ १७४४२. तो सांभाळणारी जागतिक संस्था २०१४ साली उभी राहिली. त्याच्याही शेवटच्या दोन जागा ताळ्याच्या आहेत. नाव लिहायचं कसं, एवढं ठरवायला एवढा मोठा पडझडीचा प्रसंग लागला.

प्रतिसाद: मी रात्रपाळीला हेच काम करतो. मानकावर एक भर घालतो. सौद्यांचे निरोप ज्या फिक्स पद्धतीने जातात तिची सुरुवात १९९२ ची, फिडेलिटी ही गुंतवणूक कंपनी आणि सॉलोमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक यांच्यामधली. फोनवर बोलून द्यायच्या ऑर्डरी संगणकाने द्याव्यात म्हणून. प्रत्येक गोष्टीला क्रमांक ठरलेला: ५४=१ खरेदी, ५४=२ विक्री, ३८ मध्ये नग, ४४ मध्ये भाव. इथवर छान. पण कोणता रोखा हे ४८ मध्ये लिहायचं, आणि ते कोणत्या पद्धतीने लिहिलं आहे हे २२ मध्ये: १ असेल तर क्युसिप (उत्तर अमेरिकेतला क्रमांक), २ सेडॉल (ब्रिटनमधला), ४ आयसिन. म्हणजे ‘यातलं कोणतं मानक’ हे सांगायला मानकातच एक रकाना. पाकीट कसं असावं ते ठरलं, आतली चिठ्ठी ज्याची त्याच्या लिपीत. म्हणून नुसतं ‘मानकीकरण झालं’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कशाचं? पाकिटाचं की चिठ्ठीचं?

आणि ऑटोमेशनला काय लिहिणार आहात? ‘स्वयंचलन’ नको.

उत्तर: पाकीट आणि चिठ्ठी कार्यपुस्तिकेत जशीच्या तशी घेते.

‘स्वयंचलन’ मलाही नको. स्वयंचलित जिना ठीक आहे. तो खरंच चालतो. डेटाच्या कामात काही चालत नसतं. माणसाने एकदा घेतलेला निर्णय त्याच्या पाठीमागे हजार वेळा लावला जातो, एवढंच होतं. ‘स्वयं’ म्हटलं की निर्णय घेणारा माणूस वाक्यातून नाहीसा होतो. ‘आपोआप’ तर त्याहून वाईट. पाऊस आपोआप पडतो. भाव आपोआप रकान्यात येत नाही, कुणीतरी सांगितलेल्या नियमाने येतो.

मी दोन बोलीतले प्रयोग सुचवते. एक, ‘हात न लागता’. शंभरातल्या किती नोंदी हात न लागता गेल्या, हे मोजता येतं आणि कुणालाही कळतं. दुसरा, ‘परस्पर’. सौदा परस्पर नोंदला गेला, भाव परस्पर पुढे गेला. यात एक फार मोलाची छटा आहे: मधल्या कुणाला तरी न विचारता. मग लगेच विचारता येतं, कुणाला विचारायला हवं होतं?

उदाहरण देते. फेसबुकची मूळ कंपनी मेटा, तिचं बाजारातलं चिन्ह ९ जून २०२२ ला बदललं. एफबी होतं ते एमईटीए झालं. पण त्याआधी एमईटीए हे चिन्ह मेटाव्हर्सच्या कल्पनेवर बेतलेल्या एका फंडाचं होतं. त्या फंडाने जानेवारी २०२२ मध्ये ते सोडून एमईटीव्ही घेतलं. आता चिन्ह हीच ओळख मानून भावांचा इतिहास जोडणारा प्रोग्रॅम काय करेल? २०२१ चे फंडाचे भाव आणि २०२२ नंतरचे कंपनीचे भाव एकाच रेषेत, परस्पर, शिवून टाकेल. कुठेही टाका उसवलेला दिसणार नाही. आयसिनने जोडलं तर हा घोळ होत नाही, कारण कंपनीचा आयसिन नाव आणि चिन्ह बदलल्यावरही तोच राहिला. ‘भाव आपोआप जोडले गेले’ हे वाक्य वाचून माझ्या मनात एकही प्रश्न येत नाही. ‘भाव चिन्हावरून परस्पर जोडले गेले’ हे वाचलं की येतो.

प्रतिसाद: ‘परस्पर’ मला खटकतं. परस्पर निकाल लावला, परस्पर विकून टाकलं... त्यात लबाडीचा संशय आहे. व्यवस्थित चाललेल्या कामाला तो डाग कशाला?

उत्तर: तुम्ही म्हणता ती छटा आहे खरी. म्हणून शीर्षकात आणि अहवालात ‘हात न लागता’ ठेवते, आणि ‘परस्पर’ फक्त जिथे एक तपासणी मुद्दाम वगळली आहे तिथे. तिथे थोडा संशय असलेलाच बरा.

रकान्यांची नावं आता अशी करते: ‘आलेला भाव’, ‘साच्यातला भाव’, ‘ताळा पाहिलेला भाव’. तिसरा रकाना माणसाने किंवा दुसऱ्या स्रोताने दुजोरा देईपर्यंत रिकामा राहील. ९९-१६ चं प्रकरण या मांडणीत दुसऱ्या रकान्यात ९९.१६०० म्हणून दिसलं असतं आणि तिसरा रकाना कोरा असता.

रात्रपाळीवाल्या दादांना एक विचारायचं राहिलं. नियमात न बसल्याने बाजूला पडलेल्या नोंदींना पुस्तकात ‘अपवाद’ लिहिलं आहे. मला तो शब्द पटत नाही, पण दुसरा सुचत नाही.

प्रतिसाद: आम्ही ‘अडलेल्या’ म्हणतो. पाळी बदलताना पहिला प्रश्न तोच असतो, “किती अडल्यात?” अपवाद म्हटलं की सोडून द्यावंसं वाटतं. अडलेली म्हटली की ती सोडवावी लागते.