आतून गोठणारी काच: आधी ओल शोधा

थंडीत गाडीची काच आतून गोठली की ‘नुसता हीटर फुल करा’ असं सांगतात, पण हा सल्ला अर्धाच आहे. काच तेवढ्यापुरती स्वच्छ होते, पण बाष्प गाडीतच राहिलं तर रात्री ते गार काचेवर परत बसणार आणि पारा शून्याखाली गेला की त्याचाच बर्फ होणार. अमेरिकेत मिनेसोटातल्या पहिल्या हिवाळ्यात मी रोज सकाळी काच आतून खरवडायचो (डॅशबोर्डभर बर्फाचा कीस!). कारण सापडलं पायाखाली. बुटांबरोबर आलेला बर्फ वितळून मॅटखालचं कार्पेट चिंब झालं होतं. आता खोलगट रबरी मॅट टाकल्यात, साचलेलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून देतो.

गाडी चालवताना रीसर्क्युलेशन (आतलीच हवा परत परत फिरवणं) बंद ठेवा आणि हीटरबरोबर एसीही लावा. थंडीत एसी ऐकायला वेडेपणा वाटतो, पण तो हवेतलं पाणी काढून घेतो. कडाक्याच्या थंडीत मात्र बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर चालूच होत नाही, तेव्हा बाहेरची कोरडी हवाच कामाची. घरी पोचायच्या आधी मिनिटभर खिडक्या उघडायच्या, बायकोमुलं ओरडली तरी.

काचेवर चिकट थर आणि गोडसर वास असेल तर बहुधा हीटरमधून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) गळतंय. मग थेट गॅरेज.