मदत हवी आहे: वडिलांची लघवी अडली, कॅथेटर घातलाय. प्रोस्टेटचं ऑपरेशन करावं की औषधावर थांबावं? (गोवा)

नमस्कार मंडळी. एरवी नाटकांच्या आणि खाण्याच्या धाग्यांवर वाचनमात्र असतो. पहिलाच धागा असा काढावा लागतोय. लांबण लागेल, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही.

अण्णा, वय ६९, मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. घर साखळीजवळ. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटची पट्टी खिशात असते, घ्यावी क्वचितच लागते.

लघवीचा त्रास किती जुना आहे ते आम्हाला आत्ता कळतंय. गावच्या जत्रेच्या नाटकाला ते पेटीवर बसायचे. हल्ली पेटी सोडली, बोटं चालत नाहीत म्हणाले. बोटं उत्तम आहेत. पहिला अंक संपेपर्यंत बसवत नाही, हे खरं कारण. आई म्हणते रात्री चार-पाच वेळा उठतात, न्हाणीत बराच वेळ उभे राहतात, धार बारीक, मध्येच तुटते, येऊन आडवे झाले की परत जावंसं वाटतं. हे सगळं ‘वय झालं’ या खात्यात जमा. गुडघा दुखला तर गावभर सांगणारा माणूस याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

या महिन्यात सर्दी झाली म्हणून त्यांनी फार्मसीतून सर्दीच्या गोळ्या आणून घेतल्या. दुसऱ्या दिवशी लघवी पूर्ण बंद. संध्याकाळपर्यंत ओटीपोट दगडासारखं. जवळच्या इस्पितळात नळी घातली तेव्हा ९०० मिली निघाली, आणि अण्णांचा चेहरा जो सैल झाला तो मी विसरणार नाही. तिथून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवलं.

सोनोग्राफीत प्रोस्टेटची ग्रंथी ६४ ग्रॅम. मूत्रपिंडं ठीक, त्यांची रक्ततपासणी (क्रिएटिनिन) नॉर्मल. टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची एकत्र गोळी चालू केली आहे आणि पुढच्या आठवड्यात नळी काढून बघू म्हणालेत. दरम्यान आमच्या मेव्हण्याच्या आग्रहावरून एका खाजगी डॉक्टरांचं मत घेतलं. ते म्हणाले थांबू नका, लगेच लेझर करून टाका. त्यांनी पीएसए (प्रोस्टेट बनवते त्या प्रथिनाची रक्ततपासणी) करायला सांगितला, तो आला ११.२. रिपोर्टवर ४ च्या पुढे ठळक अक्षरात छापलेलं असतं. तेव्हापासून आई देवासमोर बसून आहे.

मला विचारायचंय ते असं. पीएसए ११ म्हणजे कॅन्सर धरून चालायचं का? नळी काढल्यावर लघवी झाली तर ऑपरेशन टळतं का? लागलंच तर साधं दुर्बिणीचं की लेझर? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय? नळीच्या बाजूनेही थोडी लघवी गळते, ते चालतं का? आणि शेवटचं, जे लिहायला जीवावर येतंय: अण्णा ऑपरेशनला ठाम नाही म्हणतात, कारण सांगत नाहीत. आई माझ्या बायकोजवळ अर्धवट बोलली त्यावरून अंदाज असा की ‘त्यानंतर पुरुष संपतो’ असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. मी मुलगा, मी हे त्यांच्याशी कसं बोलू?

– साखळीकर

काजूबोंडू:
साखळीकर, मी यातून गेलोय. वय तेव्हा ६६, दुर्बिणीतून केलं, टीयूआरपी. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. पोटावर टाका नाही, चीर नाही. नंतर नळीतून सलाइनचं पाणी सतत आत-बाहेर चालू असतं आणि पिशवीत कोकमाच्या सरबतासारखा रंग दिसतो, त्याला घाबरायचं नाही. दोन-तीन दिवसांत नळी निघाली. पहिले काही आठवडे जळजळ आणि घाई, एखादवेळी न्हाणीच्या दारातच थेंब. मग बसलं सगळं. दीडेक आठवड्यानंतर परत एकदा लालसर आली होती, आतली खपली सुटते म्हणे. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून धावपळ केली नाही. वजन उचलणं आणि स्कूटर महिना-दीड महिना बंद. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर करायचा नसतो.

निसर्गमित्र:
ऑपरेशनची घाई नको. कुळथाचं कढण, गोखरूचा काढा, सकाळी अनशापोटी पानफुटीची दोन पानं. आमच्या काकांचा ९ मिमीचा खडा पडला होता.

डिचोलीची सून:
निसर्गमित्र, त्यांना खडा नाहीच आहे हो. आपल्याकडे लघवीचं काहीही झालं की मुतखडा धरून काढे सुरू होतात!

साखळीकरदादा, मी वॉर्डात काम करते म्हणून नळीपुरतं सांगते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही. नळी जिथे आत जाते तिथे रोज साबण-पाण्याने धुवायचं, पावडर वगैरे नको. बाजूने थोडी गळणं बहुतेक वेळा मूत्राशय आकसल्यामुळे होतं. पण पिशवीत काहीच येत नाही, पोट ताठ होतंय आणि बाजूने गळतंय, तर नळी तुंबली आहे, तसंच निघा. थंडी वाजून ताप आला तरी तसंच.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नूतनीकरण केलेलं आहे का ते आजच बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. खाजगीत जायचं ठरवलंत तर ते इस्पितळ योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे दाखल व्हायच्या आधी विचारून घ्या.

पात्रांव:
माझ्या भावोजींना टाडालाफिल ५ मिलीग्रॅम रोज दिली. धारही सुधारली आणि ‘बाकीचं’पण! तुमच्या अण्णांच्या शेवटच्या प्रश्नाला एका गोळीत उत्तर.

म्हातारा डॉक्टर:
पात्रांव, थांबा. ज्या माणसाच्या खिशात सॉर्बिट्रेट आहे त्याला टाडालाफिल सुचवू नका. टाडालाफिल प्रोस्टेटच्या त्रासासाठी देतात हे खरं आहे, पण सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट औषधाबरोबर रक्तदाब इतका पडू शकतो की माणूस हातचा जाईल. साखळीकर, ही गोळी घरात येऊ देऊ नका, कोणी प्रेमाने आणून दिली तरी.

आता बाकीचं. मी हयातभर हेच काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी रुग्ण पाहिलेला नाही, हे धरून वाचा.

पीएसए आधी. लघवी तुंबलेली, नळी घातलेली, अशा वेळी पीएसए वाढतोच. जंतुसंसर्ग असेल तर आणखी. त्या दिवसांत तो आकडा काढायचाच नसतो. साधारण सहा आठवडे जाऊ द्या आणि परत करा. ६४ ग्रॅमची ग्रंथी तरुणपणच्या ग्रंथीच्या तिप्पट आहे, ती थोडा जास्त पीएसए बनवणारच. बांबोळीला बोटाने तपासणी केली असेल. त्यात कडक गाठ लागली होती का हे विचारा. गाठ नसेल आणि आकडा खाली आला तर आईंना देवासमोरून उठवा. आला नाही तर एमआरआय आणि गरज पडल्यास बायॉप्सी, तेही पायरीपायरीने. आणखी एक, जे पुढे दोन वर्षांनी कोणी विसरेल: ड्युटास्टेराइड चालू असताना सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर येतो. तेव्हा ३ दिसला तर तो ६ समजून वाचायचा. प्रत्येक वेळी या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांचं काम वेगवेगळं आहे. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल करते, फरक काही दिवसांत कळतो. त्यांना रक्तदाबाची गोळीही आहे, म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. ड्युटास्टेराइड ग्रंथी हळूहळू लहान करते, तिला सहा महिने द्यावे लागतात. महिन्याभरात ‘गुण नाही’ म्हणून बंद करणारे पुष्कळ पाहिले.

नळी काढायला सकाळी लवकर जा. दिवस हातात असला की लघवी होते का हे बघायला वेळ मिळतो. नेहमीसारखं पाणी प्यायचं, तांब्यामागून तांब्या ओतायचा नाही. त्यांची लघवी सर्दीच्या गोळीनंतर अडली, म्हणजे निमित्त होतं. अशांना नळीशिवाय जमण्याची आशा बरी असते. झाली तर नंतर सोनोग्राफीत आत किती उरते ते बघतील, धार मोजायच्या मशीनवरही उभं करतील. ऑपरेशन टाळू नये अशी कारणं मोजकी आहेत: पुन्हा पुन्हा अडणं, मूत्रपिंडावर दाब येणं, मूत्राशयात खडे, सतत जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं एकही आज दिसत नाही. म्हणून ‘लगेच’ हा शब्द मला पटत नाही. पुढे कधीच लागणार नाही असंही नाही. एकदा अडलेल्याला पुन्हा अडू शकते.

६४ ग्रॅमला टीयूआरपी चालते, लेझरही चालतं. ग्रंथी फार मोठी असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवणं कठीण असेल तर लेझरचं पारडं जड, कारण रक्त कमी जातं. त्यापलीकडे मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. ज्या सर्जनने जे पुष्कळ केलंय ते त्याच्याकडून करून घ्या. क्लोपिडोग्रेल स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. स्टेंटला दोन वर्षं झालीत, त्यामुळे हृदयाचे डॉक्टर बहुधा ॲस्पिरिन चालू ठेवून क्लोपिडोग्रेल पाच-सात दिवस आधी थांबवायला परवानगी देतील, पण ते त्यांनी लेखी द्यायचं.

सर्दीच्या गोळ्या घरातून काढून टाका. नाक मोकळं करणारी औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात, झोप आणणारी ॲलर्जीची जुनी औषधं मूत्राशयाचा जोर कमी करतात. फार्मसीवाल्याला ‘प्रोस्टेट आहे’ एवढं सांगायची सवय अण्णांना लागली तरी पुष्कळ.

शेवटचा प्रश्न. ऑपरेशननंतर ताठरता सहसा जात नाही. बहुतेकांच्या बाबतीत बदलतं ते एवढंच की वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. सुख राहतं, मूल होण्याची शक्यता मात्र घटते. अपाय काही नाही, पण आधी सांगितलं नाही तर माणूस हबकतो आणि मग चारचौघांना सांगतो की पुरुष संपतो. हेच टॅमसुलोसिननेही होऊ शकतं. ड्युटास्टेराइडने काहींची इच्छा किंवा ताठरता कमी होते. म्हणजे फक्त ऑपरेशनला घाबरून गोळ्यांवर राहण्यातही हा प्रश्न सुटत नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलू नका. ओपीडीत तुम्ही बाहेर थांबा आणि डॉक्टरांना त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या. मुलासमोर कुठलाही बाप हे विचारणार नाही.

वेंगुर्लेकर:
अवांतर, पण आम्ही सिंधुदुर्गातले. आम्हालाही बांबोळीला हे मिळेल का?

डिचोलीची सून:
तपासतात सगळ्यांना. पण जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क पडतं. दीनदयाळचं कार्ड फक्त इथे किमान पाच वर्षं राहिलेल्यांना. तुमच्याकडची महाराष्ट्राची योजना चालते का ते मदतकक्षात विचारून मगच निघा.

साखळीकर:
सगळ्यांचे आभार, डॉक्टरसाहेबांचे विशेष. थोडक्यात कळवतो.

नळी काढली. दुपारपर्यंत काहीच नाही, अण्णा व्हरांड्यात येरझारा घालत होते, मी घड्याळ बघत होतो. मग झाली. नंतरच्या सोनोग्राफीत ११० मिली उरलेली दिसली. सध्या गोळ्यांवर राहायला हरकत नाही म्हणाले, पुढच्या भेटीत परत मोजतील. बोटाच्या तपासणीत गाठ लागली नव्हती असंही सांगितलं. पीएसए सहा आठवड्यांनी.

ओपीडीत मी ‘केस पेपरची झेरॉक्स काढून येतो’ म्हणून बाहेर पडलो आणि कँटीनमध्ये चहा घेतला. परत आलो तर आत अजून बोलणं चालू होतं, मागे रांग वाढलेली. बाहेर आल्यावर अण्णांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, ‘लागलं तर करूया, पण आधी गोळ्या.’ मेव्हण्याला हे कळवायचं काम बायकोने घेतलंय.

एक राहिलंच. त्यांच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, या पावसाळ्यानंतर ऑपरेशन ठरलंय. ते आता पुढे ढकलावं का?

म्हातारा डॉक्टर:
ढकलायला नको, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिन चालू असल्याचं आधीच सांगा. या गोळीने बाहुली नीट मोठी होत नाही आणि बुबुळाचा पडदा ऑपरेशनमध्ये सैल पडतो. त्यांना आधी माहीत असलं की ते तयारीने बसतात. गोळी बंद करून उपयोग नाही, परिणाम राहतोच, वर लघवी परत अडायची. गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या फाइलला टाचून ठेवा.