मदत हवी आहे : १४ पानांची कॉमिक १६ पानांत कशी बसवू?

नमस्कार मंडळी, स्वतःच लिहून-काढून एक छोटी कॉमिक छापतोय. ए४ कागद मधोमध दुमडून ए५ पुस्तिका, मधे दोन पिना, कव्हर वेगळं. अशा बांधणीत पानं ४ च्या पटीतच लागतात आणि माझी गोष्ट भरते १४. म्हणजे दोन पानं वाढवायची.

खरी गोची पुढे आहे. गोष्टीतला धक्का ९व्या पानावर आहे, म्हणजे उजवीकडे. ८वं पान वाचतानाच तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो, सगळी मजा जाते. सुरुवातीला एक शीर्षकपान टाकलं तर तो १०व्यावर, पान उलटल्यावर येतो. झकास! पण मग ४-५ वर पसरलेलं पावसाचं मोठं चित्र ५-६ वर जातं, म्हणजे एकाच कागदाच्या पुढे-मागे. चित्राचे दोन तुकडे!

चित्रापूर्वी अजून एक पान घुसवलं तर धक्का पुन्हा उजवीकडे. चित्र एका पानात कोंबायला मन धजत नाही, कारण त्यात संवाद नाहीत, नुसता पाऊस आहे.

तुम्ही काय कराल? शिवाय शाईची रेघ ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली तर पुरेल, की १२०० च हवं?