मावशींनाही शिकवाच

"बीएलएस डॉक्टर-सिस्टरांना येतं तेवढं पुरे, वॉर्डबॉय-मावशींना कशाला?" हे मत मला अजिबात पटलं नाही. बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन त्याला वाचवायचं प्राथमिक कौशल्य. रात्रपाळीत रुग्ण निपचित पडलेला बऱ्याचदा आधी मावशींनाच दिसतो. सिस्टर तेव्हा दुसऱ्या टोकाला सलाईन लावत असतात. शिवाय छाती दाबणं हे अंगमेहनतीचं काम आहे. मोठ्या माणसाची छाती निदान 5 सेंटीमीटर दबायला हवी, तीही मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत भलेभले दमतात, म्हणून तर माणूस बदलायचा असतो. बदली आणणार कुठून?

प्रमाणपत्र 2 वर्षं चालतं, पण हाताची सवय काही महिन्यांतच मोडते. आमच्याकडे सरावाचा पुतळा कपाटात, इन्स्पेक्शन आलं की बाहेर! त्यापेक्षा पाळी बदलताना पाच मिनिटं वॉर्डातच सराव घ्या, तोही खाटेवर. जमिनीवर शिकलेला माणूस गादीवर जोर लावतो आणि छातीऐवजी गादीच दबत राहते. पाठीखाली फळी सरकवणं, खाट खाली घेणं, बुटक्या माणसाला पायाखाली स्टूल देणं, हे स्लाइड बघून येत नाही. आणि ते स्टूल कुठे असतं, हे मावशींइतकं कुणालाच ठाऊक नसतं.