पाच किलो तांदळात लॉकडाऊन निघत नाही

पूर्वभागकर
काल इथं ‘लॉकडाऊनचे दिवस’ म्हणून एक लांबलचक पोस्ट पडली, तिला धडाधड लाइक मिळाले. म्हणणं थोडक्यात असं: 2020 ला सगळं बंद केलं म्हणून सोलापूर वाचलं, गरिबांना माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळत होता, तरी यांचं रडगाणं अजून संपत नाही, आणि पूर्व भागातली, म्हणजे आमच्या विडी-मागाच्या कामगार पेठांतली, माणसं शिस्तीत राहिली असती तर जुलैत शहराला पुन्हा कुलूप लावावं लागलं नसतं.

हे शेवटचं वाचून गप्प बसवेना. मी साखर पेठेतला. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, संडास सामाईक. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि टीव्हीवर सांगायचे की सारखे हात धुवा. जुळे सोलापूर नाहीतर होटगी रोडला तीन खोल्यांत ‘घरात राहा’ पाळणं आणि आमच्याकडं पाळणं एकच आहे का? आमच्यात माणसं उंबऱ्यावर बसली होती ती फिरायला नव्हे, आत सगळ्यांना एकदम बसायला जागा नव्हती म्हणून.

आई विड्या वळते. मार्चमध्ये कारखान्यातून पान-तंबाखू घेऊन आली, पानं भिजवून गोणपाटात गुंडाळली, दोन दिवसांत हजारभर विड्या वळून झाल्या आणि कारखान्याला कुलूप. विड्या टोपलीत तशाच पडून. पुढं कारखाना उघडल्यावर नेल्या तर तंबाखू वाळून टोकातनं गळत होती, चेकरनं निम्म्याच्या वर छाटात काढल्या. त्या दोन दिवसांच्या कामाचे तिला चहापुरतेसुद्धा पैसे मिळाले नाहीत.

तांदळाचं म्हणाल तर आमचं कार्ड केशरी. मे-जूनमध्ये आम्हाला माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी. म्हणजे तिथंही रोकडा लागत होता. भाडं, गॅस, तेल, आईची बीपीची गोळी, हे कुठून आणायचं? जनधन खात्यावर बायकांना महिना 500, तेही तीनच महिने.

लॉकडाऊन लावायलाच नको होता असं मी म्हणत नाही. 24 मार्चला रात्री आठला सांगून बाराला देश बंद केला आणि हातावर पोट असलेल्याच्या हातात काहीच ठेवलं नाही, हे चूक होतं. वाचलं सगळं शहर, त्याची किंमत मोजली ठरावीक पेठांनी. आणि आता वर आम्हालाच बेशिस्त म्हणायचं?

निवृत्त सिस्टर
तुमच्या आईच्या विड्यांचं वाचून वाईट वाटलं. पण मी त्या वेळी सरकारी दवाखान्यात सारीच्या, म्हणजे श्वासाच्या तीव्र आजाराच्या, वॉर्डात ड्यूटीला होते, मला तुमचा सूर पटत नाही.

सुरुवातीला स्वॅब पुण्याला पाठवायचो, रिपोर्ट येईपर्यंत पेशंट गेलेला असायचा. अंगभर झाकणारं पीपीई कीट एकदा चढवलं की सहा तास पाण्याचा घोट नाही, चष्म्यावर वाफ धरायची, शीर सापडायची नाही. पेशंटच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा पासष्ट दिसायचा, आणि तो माणूस बसून बोलत असायचा, सिस्टर मला घरी कधी सोडणार म्हणून विचारायचा. रात्रीत जायचा. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, तेव्हा आम्ही पेशंटच्या कानाला फोन लावून धरायचो.

जून 2020 मध्ये सोलापूर शहराचा मृत्युदर राज्याच्या सरासरीहून कितीतरी वर होता. लोक शेवटच्या घटकेला यायचे. सगळं उघडं असतं आणि एप्रिलमध्येच ही गर्दी आली असती तर आमच्याकडं ना बेड होते, ना कीट, ना ऑक्सिजनच्या लाइनी. लॉकडाऊननं आम्हाला दोन महिने मिळवून दिले. पोट नंतर भरता येतं, गेलेला माणूस परत येत नाही.

पूर्वभागकर
सिस्टर, तुमच्या कामाला हात जोडतो. पण लोक उशिरा का यायचे हे पण लिहा ना. गल्लीत एक पॉझिटिव्ह निघाला की गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकायचे, घरातल्या सगळ्यांना कॉलेजातल्या क्वारंटाइनला न्यायचे, सगळ्या गल्लीचं काम बंद. ताप आला तर माणूस क्रोसिन खाऊन दडून बसणार नाही तर काय करणार? काम बंद पडायची भीती नसती तर तो दोन दिवस आधी आला असता. तुमच्या वॉर्डात जे मेले त्यातले काही या भीतीनं मेले.

निवृत्त सिस्टर
भीतीमुळं उशीर झाला हे खरं. आम्हीही वर सांगत होतो की पत्रे ठोकू नका, लोक लपवतील. पण म्हणून लॉकडाऊनच वाईट होतं, असं त्यातनं निघत नाही.

लूमवाला
दोघांचंही ऐकलं. माझे आठ माग आहेत, टॉवेल निघतो. बंदच्या काळात बीमवर चढवलेलं सूत तसंच राहिलं. लाइटबिलाचा स्थिर आकार सुटला नाही, शेडचं भाडं सुटलं नाही, बँकेचं व्याज तर नाहीच. हप्ते मार्च ते ऑगस्ट पुढं ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली, त्या काळाचं व्याज मात्र चालूच होतं, हे किती जणांना माहीत होतं? कामगारांना महिनाभर मी खिशातनं उचल दिली, नंतर नाही जमलं. त्यातला एक कामगार भाजीचा गाडा लावून बसला, तो मागावर परत आलाच नाही. उघडल्यावर बघतो तर सुताचा भाव भडकलेला.

आणि खरं सांगू, आमचं कंबरडं लॉकडाऊनच्या आधीच मोडलं होतं. 2005 ला सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, उपयोग काय? पानिपतचा हलका माल सोलापुरी म्हणून देशभर खपतोय. कोण पकडतंय?

हुतात्माचौक
मालक, पानिपत इथं कशाला काढलं?

या पेठांनी 1930 चा मार्शल लॉ पाहिला आहे. 2020 चा लॉकडाऊन त्याच्याच वळणावर गेला. तेव्हाही लोकांना घरात कोंडलं, आताही काठीच्या धाकानं कोंडलं.

जुळेसोलापूरकर
ती कालची पोस्ट माझी आहे, म्हणून उत्तर देतो.

आधी हुतात्माचौक यांना. मार्शल लॉमध्ये इंग्रजांनी गावावर राज्य परत बसवायला लष्कर आणलं, आणि 12 जानेवारी 1931 ला धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. साथ आटोक्यात आणायला दुकानं बंद ठेवली त्याची बरोबरी याच्याशी करताय? ज्या चौकाचं नाव लावून लिहिताय, त्याचा तरी मान ठेवा.

पूर्वभागकर, तुम्ही खोलीचं मोजमाप सांगितलं, ते मान्य. पण जुलैत 16 ते 26 पुन्हा लॉकडाऊन लागला तो उगाच नाही लागला. बाजार उघडल्यावर मास्क हनुवटीला लावून झुंबड उडाली होती, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि मीही मोजलंय. एप्रिल 2021 मध्ये माझे वडील गेले. खासगी दवाखान्यात होते, नाव घेत नाही. बिल चार लाखांच्या वर. शेवटी सोन्याचे डाग मोडले. त्यामुळं लॉकडाऊनची बाजू घेतो म्हणजे मी सुखात बसून लिहितो, असं कुणी समजू नये. त्या वर्षी वेळेत बंद केलं असतं तर वडील असते, असं मला आजही वाटतं. राज्यात 14 एप्रिलला रात्री आठपासून संचारबंदी आणि 17 तारखेला आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याचं मतदान! त्याच्या आधी गावोगाव सभा. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून चिडता, मी उघडं ठेवलं म्हणून चिडतो.

पूर्वभागकर
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पोटनिवडणुकीचं शंभर टक्के बरोबर. आमचा गाडा लावला की दंड, यांच्या सभेला परवानगी.

पण चार लाख कसे झाले? सरकारी दर होते की.

जुळेसोलापूरकर
दर मला नंतर कळले. बापाचा ऑक्सिजन उतरत असताना दरपत्रक कोण मागतं?

निवृत्त सिस्टर
कळले असले तरी इथं लिहिते, कारण अजून पुष्कळांना माहीत नाही. मे 2020 च्या अधिसूचनेत साधा वॉर्ड दिवसाला 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसकट 9000 असा कमाल दर होता. पीपीई कीट, भारी औषधं, काही तपासण्या त्याच्या बाहेर. सगळी मेख त्या बाहेरच्यात होती. एकाच नर्सच्या एका कीटचे पैसे पाच पेशंटांच्या बिलात लावलेले मी पाहिले आहेत, माझ्या भाचीच्या बिलात पाहिले आहेत.

जून 2021 मध्ये शहरांची वर्गवारी केली, सोलापूर ब वर्गात आलं, वॉर्डचा दर 3000 झाला. तोवर दुसरी लाट उतरायला लागली होती.

लूमवाला
आणि रेमडेसिवीर? नोव्हेंबर 2020 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की या इंजेक्शनानं माणूस वाचतो असा पुरावा नाही. तरी एप्रिलमध्ये डॉक्टर चिठ्ठी हातात द्यायचे, ‘कुठूनही आणा’. माझ्या मेहुण्यासाठी मी रात्री दोनला सात रस्ता चौकात उभा राहून छापील किमतीच्या कितीतरी पट देऊन आणलं.

जुळेसोलापूरकर
आम्हीही आणलं. सहाच्या सहा. हे वाचून काय वाटतंय, सांगता येत नाही.

निवृत्त सिस्टर
तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या वेळी अख्खी वैद्यकी त्याच्या मागं होती. चिठ्ठी देणाऱ्यानं विचार करायचा होता, मुलानं नव्हे.

घरकुलातली अक्का
सगळे दवाखान्याच्या बिलावर गेलात, म्हणून मी लिहिते. आम्ही खासगीची पायरीच चढलो नाही. महात्मा फुले योजना मे 2020 पासून राज्यात सगळ्यांना लागू केली असं सांगतात. माझ्या मालकांना नेलं तर एका ठिकाणी बेड नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी ‘योजनेत बसत नाही, आधी डिपॉझिट भरा’. घरी आणलं. बरे होत आले होते, उठून चहा प्यायले, आणि अडीच आठवड्यांनी गेले.

वर बचत गटाच्या कर्जाच्या साहेबांचा जाच. हप्ते सहा महिने थांबलेत असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दारात बसून राहायचे, बाकीच्या बायकांना सांगायचे की हिचा हप्ता तुम्ही भरा. शेजारणी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. कोरोनापेक्षा मला त्याचं जास्त लागलं.

दादा, तुम्ही शिस्त म्हणता. मी मास्क शिवून वाटलेत गल्लीत.

जुळेसोलापूरकर
अक्का, शिस्तीचं वाक्य सगळ्या भागाला धरून लिहायला नको होतं, इतपत मान्य. पोस्टमधून तेवढं वाक्य काढतो. बाकीचं ठेवतोय, लॉकडाऊन गरजेचा होता हे माझं मत आहे.

हुतात्माचौक
एवढ्यावर भागलं? वाक्य काढलं म्हणजे झालं का?

पूर्वभागकर
मला पुरे आहे. त्यांचं मत त्यांच्यापाशी. माझं म्हणणं एकच राहील: बंद करायचं तर आधी पैसे खात्यावर टाका, मग कुलूप लावा. एप्रिल 2021 ला परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना 1500 जाहीर केले. नोंदणी नसलेल्याचं काय? सोलापुरात निम्मे गाडे नोंदणीबाहेरचे असतील.

अक्का, कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना सरकार पन्नास हजार देत होतं, त्याचा अर्ज केला होता का?

घरकुलातली अक्का
केला होता, उशिरा. मयताच्या दाखल्यावर हार्टअटॅक लिहिलंय, म्हणून कोरोना नाही म्हणाले. परत गेले तर मुदत संपली म्हणाले.

निवृत्त सिस्टर
दाखल्यावर काय लिहिलंय यावर अडवता येत नाही. पॉझिटिव्ह आल्यापासून 30 दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोरोनाचाच धरायचा, घरी झाला तरी. सप्टेंबर 2021 च्या केंद्राच्या सूचना आहेत, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबरमध्ये त्यावर आदेश दिला. मुदतीचं म्हणाल तर जुन्या मृत्यूंसाठी 24 मार्च 2022 पासून 60 दिवस दिले होते, ते संपले. पण खरी अडचण असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढं जायची वाट कोर्टानंच ठेवली होती. आता इतक्या वर्षांनी घेतील याची खात्री देत नाही. पॉझिटिव्हचा रिपोर्ट आहे का तुमच्याकडं?

घरकुलातली अक्का
अँटिजेनची चिठ्ठी आहे. शाई पुसट झालीय, तारीख दिसते.

जुळेसोलापूरकर
तिची आजच रंगीत झेरॉक्स काढून ठेवा. कलेक्टर कचेरीत माझा वर्गमित्र आहे, अर्ज कुणाच्या टेबलावर द्यायचा ते विचारतो. सोमवारी अकराला गेटवर थांबतो, येताना मयताचा दाखला, आधार आणि पासबुक आणा.

घरकुलातली अक्का
येते. पण दादा, पाच किलो तांदळाचं वाक्य पोस्टमध्ये अजून तसंच आहे. तेही काढा, नाहीतर गेटवरच भांडण होईल.